भंगलेले घर आणि भंगलेले देऊळ

(श्रींच्या देवालयाच्या जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभानिमित्त ग्रामस्थांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज श्रींच्या देवालयावर कळस चढला. ज्यांनी वर्गणी दिली, ज्यांनी दगड-वाळू आणून टाकली, ज्यांनी डोक्यावरून पाट्या वाहिल्या आणि ज्या मायमाउलींनी काम करणाऱ्यांना भाकरी-कालवण पुरवले, त्या सर्वांचे श्रम सार्थकी लागले. हा दिवस आनंदाचा आहे. परंतु आनंदाच्या दिवशीच एका अवघड प्रश्नाचा शांतपणे विचार करता येतो. दुःखाच्या दिवशी तो विचार होत नाही. त्या दिवशी माणसाला फक्त रडू येते.

प्रश्न असा आहे. गाभाऱ्यात देव आहे अशी आपली श्रद्धा आहे. मग पाऊस हुलकावणी देतो, उभे पीक जळते, सोसायटीचा हप्ता थकतो, घरातले कर्ते माणूस निघून जाते, अशा वेळी या देवाचा माणसाला नेमका आधार कोणता? तो संकट टाळतो काय? टाळत असेल, तर भाविकाच्या घरावर संकट का येते? आणि टाळत नसेल, तर आपण हे देऊळ कशासाठी बांधले?

काही लोक देवाशी व्यवहार करतात. अमुक झाले तर तमुक वाहीन, असा बोल बोलतात. काम झाले की देव पावला आणि काम फसले की देव कोपला, असा हिशेब ठेवतात. दुसरे काही लोक संकट आले की देव नाहीच म्हणून मोकळे होतात. दोघांचीही वेदना खरी असते, त्यांना हसण्याचे कारण नाही. पण या दोन वाटांखेरीज तिसरी एक वाट महाराष्ट्राला आपल्या संतांनी दाखवून दिली आहे. ती ग्रंथात वाचून सांगितलेली नाही. आधी स्वतः चालून मग सांगितलेली आहे. त्या वाटेवरचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे देहूचे संतश्रेष्ठ श्री तुकाराम महाराज. आजच्या दिवशी त्यांची आठवण करण्याचे विशेष कारण असे की, तुकोबांनी स्वतः एका देवळाचा जीर्णोद्धार केला होता. आणि तो केला तेव्हा त्यांचे स्वतःचे घर पार मोडून गेले होते.

तुकोबांचा जन्म परंपरेने इ. स. १६०८ मधला मानतात. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. घराणे खाऊनपिऊन सुखी. शेती होती, दुकान होते, महाजनकी होती, उधार-उसनवारीचा व्यवहार होता. घराण्यात पंढरीची वारी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती. पूर्वज विश्वंभरबाबा यांच्या भक्तीसाठी विठ्ठल देहूस आला, अशी श्रद्धा आहे, आणि घराण्याचे विठ्ठलाचे देऊळ देहूत होते. म्हणजे देव काही दूर नव्हता. तो उंबऱ्याशीच होता. आणि तरीही संकटे आली.

आधी आईवडील गेले. थोरल्या भावाची पत्नी गेली आणि तो विरक्त होऊन तीर्थाटनास निघून गेला. प्रपंचाचा सगळा भार कोवळ्या वयात तुकोबांच्या खांद्यावर पडला. त्यातच इ. स. १६३० चा दुष्काळ आला. गुजरात आणि दख्खन या दोन्ही मुलखांत त्या वर्षी पाऊस पडला नाही. वर शहाजहान बादशहाच्या फौजा निजामशाहीवर चालून आल्या होत्या. पुणे प्रांत आधीच लष्करी धामधुमीत उजाड होत चालला होता. अन्नावाचून माणसे रस्त्यावर पडली, गावेच्या गावे ओस पडली, असे वर्णन त्या काळच्या बादशाही इतिहासातही आहे. दुष्काळात तेरावा महिना अशी आपल्याकडे म्हण आहे. देहूकरांनी तो तेरावा महिना भोगला.

त्या दुष्काळात तुकोबांचे काय झाले, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वतःच नमूद केले आहे. द्रव्य आटले, पत गेली, धंद्यात बूड आली, लोकांत तोंड दाखविण्याची लाज वाटू लागली, आणि पत्नी अन्नासाठी टाहो फोडीत मरण पावली. ही पहिली पत्नी रखुमाई. तिच्या पाठोपाठ मुलगा संतूही गेला, असे परंपरा सांगते. सज्जनहो, ज्याच्या घरात कालपर्यंत धान्याची मापे भरली जात होती, त्याच्या घरची लक्ष्मी घासभर अन्नावाचून गेली. यापेक्षा मोठे संकट कोणते असू शकेल?

आता पुढे काय घडले ते नीट ध्यानात घ्यावे. देहूचे विठ्ठलाचे देऊळ त्या धामधुमीत आणि आबाळीत भंगून गेले होते. त्याच अभंगात तुकोबा सांगतात की, ते देऊळ दुरुस्त करावे असे मनात आले आणि ते काम हाती घेतले. घर भंगलेले, व्यापार भंगलेला, मन भंगलेले, आणि हा मनुष्य देवळाची भिंत उभारतो आहे! स्वतः माती कालवून, स्वतः कष्ट करून त्यांनी हे काम केले, असे परंपरेत सांगतात.

हे त्यांनी कशासाठी केले असेल? देवाला लाच म्हणून निश्चित नव्हे. बायको गेली होती, मूल गेले होते. देऊळ बांधून ती परत येणार नव्हती. मागण्यासारखे काही उरलेच नव्हते. तरीही त्या माणसाला वाटले की, आपले हात कशाला तरी लागले पाहिजेत, आणि ज्याच्यापाशी बसून रडता येईल असा एकजण आहे, त्याचे छप्पर गळता कामा नये. दुःखाने बसलेला माणूस बसूनच राहिला की अधिक खचतो. हात मातीत गेले की मनाला थोडा विसावा मिळतो. देवाच्या सान्निध्याची पहिली पायरी तुकोबांना अशी कामातून सापडली.

दुसरी पायरीही त्यांनीच सांगून ठेवली आहे. देऊळ दुरुस्त झाल्यावर त्यांनी एकादशीला कीर्तन करण्यास आरंभ केला. त्या वेळी अभ्यासाकडे चित्त नव्हते, हे ते कबूल करतात. मग त्यांनी आधीच्या संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुवपदाला साथ दिली. आणि शरीर कष्टवून जमेल तेवढा दुसऱ्याला उपकार केला. यात आपल्याला न झेपणारे असे काय आहे? ज्याला स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्याने संतांचे शब्द उसने घ्यावेत. ज्याला पुढे उभे राहून गाता येत नाही त्याने मागे उभे राहावे. दुःखी माणसाचा कंठ दाटलेला असतो. त्याला एकट्याने गाता येत नाही, परंतु दहाजणांच्या आवाजात त्याचा आवाज मिसळून जातो. भजनात मागे उभे राहून टाळ वाजविणारा एखादा म्हातारा डोळे पुसताना दिसतो. त्याला कोणी काही विचारीत नाही, आणि तोही काही सांगत नाही. पण तो दर एकादशीला येतो. त्याला जे मिळते, त्यालाच देवाचे सान्निध्य म्हणावे.

तिसरी गोष्ट कर्जाची. तुकोबांच्या घरी लोकांना दिलेल्या कर्जाची खते होती. स्वतःची बायको उपाशी मेली होती, दिवाळे निघाले होते. तेव्हा व्यवहाराने पाहिले तर ही खते म्हणजे शेवटचा आधार. पण दुष्काळाने घेणाऱ्यालाही मारले होते आणि देणाऱ्यालाही. चरित्रकार सांगतात की, धाकट्या भावाने आपला वाटा मागितला तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन भाग केले. कान्होबांचा भाग त्यांच्या स्वाधीन केला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. येथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. दुसऱ्याच्या हक्काला त्यांनी हात लावला नाही. औदार्य केले ते स्वतःच्या वाट्यातून केले. आणि ज्या पाशाने आपण गुदमरलो तोच पाश दुसऱ्याच्या गळ्याभोवती आवळायचा नाही, असे ठरविले. देवाजवळ बसल्याने मनुष्याला जर खरोखर आधार मिळाला असेल, तर त्याची खूण हीच असते. त्याची मूठ सैल होते.

कोणी म्हणेल की, तुकोबा संत होते, त्यांना दुःख बाधलेच नसेल. असे समजणे चुकीचे आहे. त्यांची गाथा वाचणाऱ्याला ठाऊक आहे की, त्यांनी देवाला कठोर शब्दही कमी बोललेले नाहीत. त्यांनी देवाशी भांडण केले, त्याला निष्ठुर म्हटले, तो असून नसल्यासारखाच आहे असेही सुनावले. परक्या माणसाशी कोणी असे भांडत नाही. सरकारदरबारी मनुष्य हात जोडून अर्ज करतो. भांडतो तो आपल्या घरच्या माणसाशी. तुकोबांना देव घरचा वाटत होता म्हणून ते भांडले, आणि भांडून पुन्हा त्याच्याच पायाशी येऊन बसले. तेव्हा ज्या कोणा बंधूच्या किंवा भगिनीच्या मनात देवाविषयी राग असेल, त्यांनी तो राग घेऊनच या देवळाची पायरी चढावी. राग घरी ठेवून येण्याची अट येथे नाही.

आणखी एक गोष्ट फार जपून सांगावयास हवी. तुकोबांनी पुढे एका अभंगात देवाला असेही म्हटले की, संसाराची ही वाताहत झाली ती माझ्या बऱ्यासाठीच झाली. नाहीतर मी तुझ्याकडे वळलो नसतो. हे वचन मोठे आहे. परंतु ते कोणी कोणाविषयी म्हटले, हे विसरू नये. तुकोबांनी ते स्वतःच्या दुःखाविषयी म्हटले. शेजाऱ्याच्या दुःखाविषयी म्हटले नाही. ज्या घरात मयत झाली आहे तेथे जाऊन, जे झाले ते बऱ्यासाठीच झाले, देवाची इच्छा, असे सांगणे सोपे असते. पण ऐकणाऱ्याच्या काळजाला ते डागणी देते. दुसऱ्याच्या दुःखापाशी तुकोबा कसे वागले ते पाहावे. जे पिडलेले आणि त्रासलेले आहेत त्यांना जो आपले म्हणतो, त्याच्या ठायी देव ओळखावा, अशी त्यांची शिकवण आहे. तेव्हा बऱ्यासाठी झाले हे प्रत्येकाने आपल्या मनाला, आपल्या वेळेला, जमल्यास सांगावे. दुसऱ्याच्या दारात आपण फक्त जाऊन बसावे.

येथे जिजाईंचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. तुकोबांच्या त्या दुसऱ्या पत्नी, पुण्याच्या गुळवे घराण्यातील. त्यांना कजाग म्हणून रंगविण्याची रीत पडून गेली आहे. पण तुकोबा भंडारा डोंगरावर नामचिंतनात बसत तेव्हा घरात लेकरांच्या पोटाची चिंता कोणी वाहिली? जिजाईंनी. आणि भाकरी बांधून डोंगर चढून पतीला जेवू घालणाऱ्याही त्याच. एकदा चढताना त्यांच्या पायात काटा मोडला, आणि ज्या विठ्ठलावर त्यांचा एवढा राग त्यानेच येऊन तो काटा काढला, अशी कथा वारकरी मोठ्या प्रेमाने सांगतात. कथेचा अर्थ सरळ आहे. डोंगरावर ध्यान करणाऱ्याजवळ देव होताच. पण भाकरी घेऊन अनवाणी चढणारीच्या पायाशीही तो होता. घर सांभाळता सांभाळता ज्यांना देवळात यायला सवड होत नाही, अशा सर्व माउलींनी ही कथा मनात ठेवावी.

असाच दिलासा जनाबाईंच्या चरित्रात आहे. गंगाखेडची ही मुलगी लहानपणी पंढरपुरात नामदेवरायांच्या घरी आली आणि जन्मभर त्या घरचे दळणकांडण करीत राहिली. पहाटेच्या अंधारात एकटीने जात्यावर बसायचे, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच त्याचे कष्ट कळतील. जनाबाई आपल्या अभंगांतून सांगतात की, विठ्ठल येऊन दळू लागतो, शेणी वेचू लागतो. दळण काही कमी झाले नाही. कोणी येऊन जनाबाईंना पाटावर बसविले असेही झाले नाही. पण खुंट्याला दुसरा हात लागला. जाते तेच, दाणे तेच. एकटेपण मात्र गेले. देव संकटात काय करतो, या प्रश्नाचे इतके सोपे उत्तर दुसरे नसेल.

आणि चोखोबांची आठवण ठेवल्याशिवाय कोणत्याही देवळाचा कळस पुरा होत नाही. मंगळवेढ्याचे चोखामेळा यांना देवळाच्या आत प्रवेश नव्हता. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली ते गेले. त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारापुढे, नामदेव पायरीजवळ आहे. देव त्यांच्याजवळ होता, देवळाचा दरवाजा मात्र माणसांनी लावलेला होता. तो उघडण्यासाठी साने गुरुजींना १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण करावे लागले. दहा दिवसांनी ते सुटले आणि श्रीविठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले झाले. आपण नवीन दरवाजा बसविला आहे. त्याची कडी कोणासाठीही आतून लागू नये, एवढे प्रत्येकाने मनाशी ठरवावे.

ही झाली जुनी उदाहरणे. अलीकडचे म्हणावे तर १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. विहिरी कोरड्या पडल्या, गुरे कवडीमोलाने गेली, बागाईतदार आणि मजूर एकाच खडीच्या ढिगावर बसले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. हजेरीपटावर अंगठा उठवायचा, मिलोची लाल भाकरी खायची, लेकरांना सुकडी द्यायची. तरीही वारी बंद पडली नाही आणि भजने थांबली नाहीत. त्या भजनांनी पाऊस पडला असे कोणी म्हणणार नाही. पण हातोड्याने बोटे फुटलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उठण्याचे बळ कोठून तरी मिळत होते. सरकारने काम दिले, त्याने पोट भरले. मनाला जे लागते ते माणसांनी एकमेकांपाशी आणि देवापाशी मिळविले. दोन्ही गोष्टी लागतात. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

म्हणून आजारी माणसाला अंगारा लावावा, पण दवाखान्यातही न्यावे. पीक गेले तर देवापुढे दिवा लावावा, आणि पंचनाम्याच्या वेळी शेतावर हजरही राहावे. देव आहे म्हणून हातपाय गाळून बसणे ही भक्ती नव्हे. भिंत बांधायला तुकोबांनी देवाची वाट पाहिली नाही.

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. गेल्या काही दशकांत नापिकीने आणि कर्जाने खचून शेतकऱ्याने जीव दिल्याच्या बातम्या महाराष्ट्रातील कितीतरी गावांनी ऐकल्या आहेत. ज्या गावात असे घडले त्या गावातही देऊळ होते, रोज आरती होत होती. देव तेथे नव्हता असे म्हणता येणार नाही. परंतु त्या घराच्या उंबऱ्यावर बहुधा कोणी जाऊन बसले नव्हते. कर्जाने माणूस वाकतो. लाजेने तो घरात कोंडून घेतो आणि एकटेपणाने मोडतो. तुकोबांनाही ती लाज वाटली होती, हे त्यांनी लपविले नाही. देवाने संकटात यावे असे आपण म्हणतो. पण देव पुष्कळदा माणसाच्याच पायांनी येतो. तो जावा कोणाच्या पायांनी, हे गावाने ठरवायचे असते.

त्यासाठी मोठी योजना नको. नेहमी आरतीला येणारा मनुष्य चार दिवस दिसला नाही, तर पाचव्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जावे. का आला नाहीस म्हणून जाब विचारू नये. चहा प्यावा, बसावे, ऐकून घ्यावे. भजनात मागे उभे राहणाऱ्याला थोडी जागा करून द्यावी. वर्गणीच्या यादीत ज्याचे नाव नाही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू नये. कोणाच्या घरात काय चालले आहे ते पांडुरंगालाच ठाऊक. जो अडचणीत आहे त्यानेही संकोच सोडून एका तरी माणसापाशी बोलावे. दुःख सांगण्यात कमीपणा नाही. खुद्द तुकोबांनी आपले दिवाळे अभंगात लिहून ठेवले.

ग्रामस्थहो, जुने देऊळ जीर्ण झाले तेव्हा आपण म्हणालो नाही की, जाऊ द्या, पडले तर पडले. आपण चौकशी केली, माणसे जमवली, चिरा चिरा बसवून ते उभे केले. जी काळजी दगडाच्या भिंतीची घेतली, तीच काळजी खचत चाललेल्या माणसाची घ्यावी, म्हणजे जीर्णोद्धाराचे काम चालू राहिले असे होईल. या गाभाऱ्यातील दिव्यासमोर येऊन ज्याला रडावेसे वाटेल त्याला मनमोकळे रडता यावे, आणि परत जाताना पायरीवर कोणीतरी त्याच्या सोबतीला असावे, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.



रामकृष्ण हरी.